सांध्यामागचा ठोकळा

सोमवार, तारीख १४, दुपार
होडीवरून (होडी मात्र जमिनीवर आहे)

चिरंजीव डावऱ्या,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. बंदरात येऊन आज सतरा दिवस झाले. लेक रोज विचारते, "काकाला लिहिलं का?" आणि मी रोज सांगतो, पेन सापडत नाही. आज तिने माझ्यापुढे तीन पेनं आणून ठेवली आणि निघून गेली. तू फोन उचलत नाहीस, ते तुझं बरोबरच आहे. म्हणून पत्र. माझ्या अक्षराला चौथीनंतर कोणी वळण लावलं नाही, तेव्हा लागेल तसं लावून वाच.

आम्ही तिघंही सुखरूप आहोत. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून भावजय घाबरायची.

आपण शेडमध्ये बांधलेली होडी पाण्याबाहेर काढून दुरुस्तीच्या आवारात टेकूंवर उभी केली आहे. दोन्ही अंगांना सात-सात टेकू. आम्ही राहतो तिच्यातच. शिडी लावून चढायचं, शिडी लावून उतरायचं. चार महिने समुद्रावर मला एकदाही चक्कर आली नाही, आणि इथे सातव्या पायरीवर हटकून येते. सकाळी उठलो की मी आधी टेकू हलवून बघतो. जावई म्हणतो, "बाबा, तुम्ही रोज हलवता ना, म्हणूनच एखादा पडेल." मग मी दोऱ्या बघतो, गॅसची चावी बघतो, कागदपत्रांचा डबा उघडून बघतो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मेल्याशिवाय जायचा नाही.

नंतर नळावर रांग. चार महिन्यांनी पहिल्यांदा गोड्या पाण्याची भरलेली बादली अंगावर घेतली तेव्हा मी खरंच नळाला हात जोडले. मागे दोरखंडाच्या दुकानातली बाई उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, आत देव नाही, टाकी आहे. आटपा." पण दुसऱ्या दिवशी तिनेच मला बसायला दुकानातलं स्टूल आणून दिलं. कपडे तीन-तीनदा धुतले तरी मीठ निघत नाही. बनियन वाळली की पुठ्ठ्यासारखी उभी राहते. दुपारी लेक शीड पसरून उसवलेल्या जागा शिवते आणि मी सुईत दोरा ओवून देतो. म्हणजे मी ओवतो असं आम्ही दोघं म्हणतो. ओवते तीच. वारा सुटला की आवारातल्या सगळ्या डोलकाठ्यांवर दोऱ्या आपटतात, एखादी भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येतो. आता तो थांबला तर मला चुकल्यासारखं होतं.

तुझी वहिनी गेल्यावर लेकीने मला घरी एकटं ठेवलं नाही, बरोबर घेतलं. मला शीड ओढवत नाही, सुकाणू धरायला देत नाहीत, आणि दर तासाला "वारा वाढला का?" असं विचारत बसतो. असलं गाठोडं कोण नेतं समुद्रावर? तिने नेलं. जावयाने एकदा कपाळाला आठी घातली नाही. मी फार नशिबाचा आहे. हे मी घरी कधी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

आता मुद्द्यावर येतो. मघापासून मी बनियनच्या गोष्टी सांगतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बंदर तीन दिवसांवर असताना आम्ही तरंगत्या ओंडक्यावर आदळलो. भर दुपार, पाणी शांत, आणि असा आवाज झाला की जणू कोणी घणाचा घाव घातला. डाव्या अंगाला, पाण्याच्या रेघेखाली, दुसरी आणि तिसरी फळी. तुला जागा सांगायला नको. दोन सांधे एकाच बरगडीवर आलेत तीच.

आपल्या बाबांचा पहिला धडा काय होता? शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे कधी जवळ येऊ द्यायचे नाहीत, मध्ये निदान हातभर अंतर पाहिजे. सांध्याखाली सांधा आला की ती जागा दार होते आणि समुद्र ते ढकलतो. मला वाटलं, दार उघडलं आता. लेकीकडे बघवेना.

पण पाणी नुसतं पाझरलं. तीन दिवस आळीपाळीने पंप मारला आणि इथवर आलो. बंदरात पाय ठेवल्यावर जावयाने मला धरलं, मी त्याला धरलं, कोण कोणाला सावरत होतं देव जाणे.

इथला सुतार माझ्याच वयाचा, फार कमी बोलतो. त्याने बाहेरच्या फळ्या ठोकून पाहिल्या आणि मान हलवली. "ही जागा तुटायलाच केलेली दिसते. बुडाला नाहीत कसे?" मग त्याने आतलं लाकडी अस्तर काढलं.

आत ठोकळा होता. चांगला हातभर लांब, दोन्ही सांध्यांना पुरून उरणारा, बरगडीला घट्ट बसवलेला. त्याला बारा स्क्रू, आणि बाराही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत, उभ्या. सुताराने बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे कोणी केलं? अस्तराच्या मागे कोण खाचा जुळवत बसतं?"

आपल्या शेडमध्ये असं एकच माणूस करायचा. मी त्याला किती टोचून बोलायचो, "डावऱ्या, आत कोण बघायला येणार आहे रे?" आणि तू म्हणायचास, "दादा, लाकूड बघतं ना."

रंध्याची रेघही उलट्या हाताची होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग मला दिवसांचा हिशेब लागला. ही गेल्यावर मी पंधरा दिवस शेडकडे फिरकलो नव्हतो. परत आलो तेव्हा अस्तर बसलेलं होतं. मला वाटलं, जावयाने बसवलं, आणि फळी बदलायचं मी टाळलं. जावयाला वाटलं, मी सांधा पक्का करून बसवलं. म्हणजे ज्याला मी सगळ्यांसमोर हाकलून दिलं होतं, तो त्या पंधरा दिवसांत येऊन काम करून गेला आणि बोलला नाही.

सुतार गेल्यावर लेक म्हणाली, "काकाने चूक केली होती, पण नंतर सुधारली की. मोठ्या मनाचा आहे काका." मी हो म्हटलं. डावऱ्या, मी हो म्हटलं. पुढचे दहा दिवस पेन सापडलं नाही ते त्यामुळे.

फळी मी आखूड कापली होती. ही दवाखान्यात होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, माप घेतलं एकीकडे आणि करवत चालवली दुसरीकडे. तू हळूच, एकट्याला सांगितलंस, "दादा, सांध्याखाली सांधा आलाय, फळी बदलू." तेवढ्यात लेक आणि जावई आत आले आणि माझ्या तोंडून निघालं, "बघा, याने काय करून ठेवलंय. नीघ इथून." तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलला असतास तर मी खोटा पडलो असतो. तू हत्यारं गोळा केलीस आणि गेलास. थोरला म्हणून मी मान खाली घातली नाही. हिच्या अंत्ययात्रेत तू सगळ्यांच्या मागे उभा होतास, तेही मी पाहिलं होतं.

परवा मी लेकीला खरं सांगितलं. शिडाचा टाका अर्धा टाकून ती उठली. बराच वेळ धक्क्यावर उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "मला काय सांगता बाबा? दोन वर्षं मी काकाशी नीट बोलले नाही. त्याला लिहा." रागावली आहे. तरी संध्याकाळी माझा चहा झाकून ठेवला होता.

तू आमचे तिघांचे जीव राखलेस. याला आभार म्हणणं फार तोकडं आहे, पण माझ्याजवळ दुसरा शब्द नाही. मला माफ कर असं लिहिणार होतो. ते तुझ्यावर सोडतो.

एक काम मात्र अडलं आहे. सुतार म्हणतो, नव्या फळ्या बसवताना ठोकळा काढावा लागेल, नवीन बसवू. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "निदान पाणी अडवायला मागे काय भरलंय ते तरी कळू दे." मला माहीत नव्हतं. ज्याने बसवलाय त्याला विचारल्याशिवाय मी ठोकळ्याला करवत लावू देणार नाही, असं सांगून टाकलं. या वेळी फळ्यांचं माप लेक घेणार आहे आणि सांधे एकमेकांपासून हातभर लांब घेणार आहे, ती काळजी नको. पुढच्या महिन्याच्या मोठ्या भरतीला होडी पाण्यात जायची आहे. तोवर काम थांबलंय आणि सगळं आवार माझ्याकडे बघतंय.

लेक म्हणते, काकाला लिहा की ये आणि स्वतः बसव. मला तेवढं मागायचं तोंड नाही. तिने मागितलंय एवढं कळवतो.

पाकिटावर बंदराच्या कचेरीचा पत्ता आहे. लांबलचक लिहू नकोस. मागे काय भरलंस ते एका ओळीत, आणि "ठेव" की "काढ" एवढं. माझ्याशी बोलायचं नसेल तर लेकीच्या फोनवर सांग, मी बाजूला जाऊन उभा राहीन. पण लवकर कळव रे. मी रोज टेकू हलवून बघतोय.

ज्याने फळी आखूड कापली तो,
तुझा दादा