सीमोल्लंघन स्पेशल

खामगाव, शके १८५६

आश्विन शु. १
घट बसले. आजपासून रोज उजाडताच धावणार. कारण कोणाला सांगायचं नाही, इथेच लिहून ठेवतो: वामनरावांचा सूड.
वामनराव म्हणजे आमचे थोरले साडू. शाळामास्तर. गेल्या दसऱ्याला मी सोनं म्हणून वाटलेली पानं त्यांनी चारचौघांत उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "रमाकांतराव, हा आपटा नोहे, कांचन हाय." सगळं घर हसलं. कचेरीत अजून मला कांचनराव म्हणतात. दोन्ही झाडांची पानं सारखीच दिसतात, कोणीही चुकेल. चूक मी केव्हाच विसरलो. हसणं विसरलेलो नाही.

शु. ३
धावलो नाही. धोतर वाळलं नव्हतं.
पण बातमी उत्तम. दसऱ्याला रेल्वेवाले खास गाडी सोडणार, सीमोल्लंघन स्पेशल. खामगावहून जलंबला जायचं, शीव ओलांडायची, सोनं लुटायचं, त्याच गाडीने परत. आमची ही म्हणाली, ताईच्या घरच्यांलेही संगं घेऊ. मी ताबडतोब हो म्हटलं. ती बघतच राहिली. माझा मोठेपणा असा अधूनमधून दिसतो.

शु. ५
प्लॅन पक्का. जलंब स्टेशनामागे आपट्याचं एकच झाड आहे. मुद्दाम जाऊन आलो. आपटाच ना, हे तिथल्या तिघांना विचारलं.
गाडी थांबताच मी धावणार आणि झाड बोडकं करणार. वामनरावांना एक पान मिळायचं नाही. मग ते हात पसरतील. सगळ्या डब्यादेखत मी त्यांना पान देईन. एकच. तेही किडलेलं.

शु. ७
धावायला निघालो. कोपऱ्यावर वामनराव. रोज फिरायला जातात म्हणे. "चला संगं," म्हणाले. गेलो. फार भरभर चालतात. या वयात शोभत नाही. धाप त्यांना लागायला हवी होती.

शु. ९, खंडेनवमी
घात. फांद्या तोडायला धार लावून ठेवलेला विळा हिने पूजेत मांडला. हळूच उचलायला गेलो तर ओरडली, "पूजेतलं हत्यार उचलता काऊन? काय कापाचं हाय तुमाले?"
असो. हातांनी ओरबाडीन. रागावलेल्या माणसाला विळा कशाला?

शु. १०, दसरा, दुपार, गाडीत
इंजिनाला झेंडूच्या माळा. ड्रायव्हरने चाकांना हळदकुंकू वाहिलं. बायका गाणी म्हणतायत. आमची लेक प्रतिमा वामनरावांच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकते आहे. ऐक बाई. तासाभराने तुझ्या मावसोबांचं तोंड पाहा.
जलंब आलं.

शु. ११, सकाळ
अंग ठणकतंय.
झाडाशी पहिला मीच पोचलो, हे नमूद करतो. उपरण्यात पानं भरून गाठोडं खिडकीतून हिच्या मांडीवर टाकलं. तेवढ्यावर गाडीत बसायचं. पण शेंड्याला एक डहाळी उरली होती आणि वामनराव तिच्याकडे बघत होते. चढलो. विळा असता तर एका घावात आली असती. शिट्टी झाली. वामनराव खालून ओरडले, "उतरा बाप्पा, गाडी सुटून राह्यली!" मी ओळखलं, हा डाव आहे. मी उतरलो की डहाळी त्यांची.
ते धावत जाऊन डब्यात चढले. गाडी गेली. डहाळी तुटली ती खाली पडली आणि शेळीने खाल्ली.
पिंपळगाव राजा गावच्या कुणा पुंजाजीने बैलगाडीत घेतलं. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "बाबूची गाडी चुकली म्हंते." रिकाम्या हाताने घरी कसं जायचं? दिवस मावळता मावळता शिवेवर एक झाड दिसलं, फांदी मोडून घेतली.
घर भरलेलं. गाठोड्यातलं सोनं वामनरावांनी अख्ख्या डब्यात वाटलं होतं, माझ्या नावाने. रमाकांतरावांनी झाडावर चढून आणलं, असं सांगून. मी येईपर्यंत त्यांनी स्वतःलाही ओवाळून घेतलं नव्हतं. धाकटा मी, म्हणून पान त्यांच्या हातावर ठेवून मलाच वाकावं लागलं. त्यांनी पान उलटून पाहिलं. मग त्यांनी ते डोळ्यांना लावलं, खिशात ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "सोनंच हाय."
आज उजेडात उरलेली फांदी पाहिली. कांचन.
त्यांना कळलं होतं. इतका राग मला गेल्या वर्षीही आला नव्हता. हसले असते तर पुढचं वर्ष माझं नीट गेलं असतं.
बाहेरून हाक मारतायत, फिरायला चला म्हणून. धोतर वाळलं नाही असं सांगायला हिला पाठवलं.
ही म्हणते, वाळलं.