कुलूपवाला दाराबाहेर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (जागा अडचणीची असल्याने मनातल्या मनात घातला आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? नसला तरी आधी माझी बातमी ऐक. आपली लेक आज माझ्यावर ओरडली! घसा फोडून, पाय आपटून, "तू वाईट आहेस" असं तोंडावर म्हणाली. मला तर आख्ख्या इमारतीला गोळा करून सांगावंसं वाटतंय.

तू म्हणशील, यात नाचण्यासारखं काय? अगं, आम्ही दत्तक आणल्यापासून या सात वर्षांच्या पोरीने कशालाच नाही म्हटलेलं नाही. दूध देऊ? चालेल. केस कापू? चालेल. तूच तर कौतुकाने तिला चालेलबाई म्हणायचीस. पण समुपदेशक बाई म्हणाल्या, हा गुण नव्हे, ही भीती आहे. आधीच्या घरी तिला दिवसदिवस खोलीत कोंडून मोठी माणसं निघून जायची, खायला मिळालं तर मिळालं. तेव्हा तिला इथे सुरक्षित वाटलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. आता माझ्यासारख्या कुलूपवाल्याला सुरक्षित म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मी त्याच रविवारी दाराला तीन नवी कुलपं ठोकली आणि तिला हौसेने एकेक दाखवलीही. त्या दिवसापासून पोर बूट घालून झोपायला लागली. बाईंनी माझी अशी हजेरी घेतली की मी नवी कुलपं तर उतरवलीच, पण आतल्या सगळ्या दारांच्या कड्याही काढल्या, न्हाणीघराचीसुद्धा (तुझी भावजय हल्ली आंघोळ करताना सतत मोठ्याने गात असते). बाहेरच्या दाराचं एक जुनं कुलूप तेवढं ठेवलं आणि त्याची एक किल्ली पोरीच्या हातात दिली.

आज तिच्या उशीच्या अभ्र्यात लपवलेले शिळे पाव सापडले. मुंग्या लागल्या होत्या म्हणून मी तिला न विचारता फेकले. चूक माझीच. तिने मला दोन्ही हातांनी ढकलत बाहेर काढलं आणि आतून किल्ली फिरवली. समोरच्या आजोबांनी कळवळून एका कुलूपवाल्याचा नंबर दिला, तो माझाच निघाला. ते कुलूप मी डोळे मिटून उघडलं असतं, पण हात लावला नाही. भीती वाटते त्या माणसावर पोरं ओरडत नाहीत, असं बाई म्हणाल्या होत्या. ताई, मला इतका आनंद झालाय की हसू आवरत नाही.

तुझा धाकटा

ता. क. मी अजून बाहेरच आहे, अनवाणी. हे सगळं जिन्यात बसून लिहिलं. ती दाराला टेकून बसली आहे, तिचे हुंदके आता थांबलेत. आजोबा फिरायला तुमच्याच गल्लीत येतात, त्यांच्याबरोबर भावजींच्या चपला पाठव. तू मात्र तिला समजावायला येऊ नकोस, एवढंच मागणं आहे.

ता. क. २. आजोबा पत्र घेऊन निघणार, तेवढ्यात दार उघडलं. तिने विचारलं, "तुला येतं ना उघडायला? मग का नाही उघडलंस?" मी म्हटलं, "तू लावलंयस, तूच उघड. मी कुठे जात नाही." तिने दार पुन्हा लावलं आणि आतून म्हणाली, "बस मग. मी मधूनमधून उघडून बघणार आहे."

चपला राहू दे. उशी पाठव.