मास्तरांवरची पुस्तिका

धुळे, १२ जानेवारी १९८७

तीन दिवसांपूर्वी ग्रंथपाल नानांनी ती पुस्तिका द्यायला नकार दिला होता. "भाऊ, हिच्यावर छापखान्याचं नावसुद्धा नाही, म्हणून आतल्या कपाटात ठेवली. दोन दिवस द्या, जुन्या वर्तमानपत्रांत पडताळतो." माझी सभा त्याच संध्याकाळी होती. मी ओरडलो, "वाचकानं काय वाचावं हे ठरवणारे तुम्ही कोण?" नानांनी कपाट उघडून ती काढून दिली.

आणि मी पिंपळनेरच्या चौकात ती वाचून दाखवली: बेचाळीसमध्ये भूमिगतांना पकडून देणारा फितूर म्हणजे याच गावचे सोनू मास्तर. काय टाळ्या पडल्या!

आज सकाळी नानांनी जुना अंक समोर ठेवला. ते लोक पकडले गेले, त्याच्या महिनाभर आधीच मास्तरांना अटक झाली होती. ते स्वतः तुरुंगात होते. दोन दिवस. मला दोन दिवस थांबता येत नव्हतं?

दुपारच्या एसटीनं पिंपळनेरला गेलो. मास्तरांच्या दारावर कुणी शेण फासलं होतं. मला आलेला पाहून त्यांच्या पत्नी, अक्का, उंबऱ्यातच म्हणाल्या, "आते काय वाचाले उनात, भाऊ?"

"त्याच चौकात सभा घेतो, अक्का. जाहीर माफी मागतो."

"सभा मांगून ल्या. पहिले त्यासले जेवाले सांगा. तीन दिनपाईन काहीच खादं नही."

ताट घेऊन खाटेपाशी बसलो. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हजारोंपुढे बोलणारा मी, मला एक वाक्य सुचेना. शेवटी ताट तसंच अक्कांच्या हातात दिलं.