होडी कुणी बुडवली

११ ऑक्टोबर १९८२, सोमवार

आज बारावीच्या वर्गाला असा रंग चढला, की शेजारच्या वर्गातून यशोदा तणतणत आली — "मालन, अगं हा वर्ग आहे की तमाशाचा फड? माझ्या अकरावीला अक्षर ऐकू येत नाही!" आली ती आलीच, आणि मागच्या बाकावर बसूनच राहिली. अशी आहे बया! कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या आम्ही दोघीच, आणि भांडण झालं तरी डबा एकच.

जुनी इंग्रजी कविता म्हटली की पोरांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. शब्द ओळखीचे नाहीत, कवीचं नाव नाही, कुठल्या काळातली ते धड कुणी सांगत नाही. म्हटलं, थांबा. पुस्तक मिटलं आणि आई दळताना म्हणायची त्या चालीवर सुरू केलं. इंग्रजी कविता, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर! आधी फिदीफिदी हसले. मग कुणीतरी बाकावर ठेका धरला. तिसऱ्या कडव्याला सगळा वर्ग गात होता.

गोष्ट साधीच. कोळ्याची नवी होडी. रात्रीतून कुणीतरी तिला भोक पाडून ठेवतं. कोळी बुडतो आणि बायको किनाऱ्यावर बसून शेजारणीला शाप देत राहते — का, तर शेजारणीचा त्या होडीवर डोळा होता. पण भोक कुणी पाडलं ते कवी शेवटपर्यंत सांगत नाही. मी विचारलं, "होडी कुणी बुडवली?" सगळे ओरडले — शेजारणीने! फक्त लंका भोये उभी राहिली. हरसूलची पोर, वसतिगृहात राहते, एरवी तोंडातून शब्द काढत नाही.

"घरचंच कुणी असंल बाई. बाहेरच्याला होडी कुठं बांधलीय ते काय ठाव?"

मी म्हटलं, शाबास, पण पुरावा दाखव. पुराव्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही, कवितेत नाही आणि निबंधात तर नाहीच. काय ऐटीत म्हटलं! घरी येईपर्यंत तीच चाल गुणगुणत होते.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळचा लेखनाचा जादा तास मस्त चाललाय. सुरुवातीला काय हाल होते! 'माझा छंद' लिहायला दिला तर सगळ्यांचा छंद पोस्टाची तिकिटं जमवणं. अरे, एकाने तरी जमवलीत का तिकिटं? "नाही बाई, गाइडमध्ये आहे." म्हटलं, गाइड घरी ठेवा. सकाळी डोळे उघडल्यापासून काय बघितलं ते लिहा. मोडकंतोडकं लिहा, पण तुमचं लिहा.

आता लिहितात. एकाने पंचवटीच्या भाजीबाजारातलं कोथिंबिरीवरून झालेलं भांडण लिहिलं. लंकाने हरसूलचा बाजार लिहिला — बाप कोंबडी विकायला नेतो, आणि हिने त्या कोंबडीला नाव ठेवलेलं! व्याकरणाची पार हाडं मोडलेली, पण कोंबडी जिवंत होती. मी तो निबंध वर्गात दोनदा वाचून दाखवला. मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात ही पोरं स्वतःच्या डोक्याने लिहिणार. तेवढं बघायचंय मला. बाकी कुणी काही बक्षीस देऊ नका!

घरी यायला अंधार झाला. दोघं पोरं वह्यांचा गठ्ठा घेऊन दारापर्यंत आली. हे ओट्यावर बसलेले. पोरांनी विचारलं, "जयभीम काका, तुम्ही पगारे बाईंचे मिस्टर ना?" हे हसले. जेवताना मात्र बोलले नाहीत. डेपोत दिवाळीच्या जादा गाड्यांचा घोळ चाललाय, थकले असतील.

२२ ऑक्टोबर

काल लिहायचं राहिलं. ह्यांच्यासारखा नवरा अख्ख्या कॉलनीत दाखवा मला कुणी. लग्न झालं तेव्हा मी मॅट्रिक, हेही मॅट्रिकच. "तू शिक, मी आहे ना," म्हणाले. आणि होते! एम.ए.च्या पेपरला बेबीला कडेवर घेऊन हॉलबाहेर उन्हात उभे. पोरीचं अंग तापानं फणफणलेलं, पण मला कळू दिलं नाही. पेपर बिघडेल म्हणून! तीन तास हसऱ्या तोंडाने खिडकीतून हात हलवत होते.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्र संपलं. सुट्टीत जुन्या कवितांच्या आणखी चाली बसवायच्या. यशोदा म्हणते, "तुझी बारावी मला दे नि माझी अकरावी तू घे, मलाही नाचू दे जरा." म्हटलं, हात तर लाव माझ्या बारावीला!

७ डिसेंबर, मंगळवार

माझी बारावी गेली.

सकाळी फळ्यावर नवं वेळापत्रक. आधी वाटलं चुकून झालं असेल. बारावी इंग्रजी — बोरस्ते. म्हणजे यशोदा! आणि पगारे बाईंना काय? खाली शाळेतली आठवी 'क'. कॅट, मॅट, रॅट!! संध्याकाळचा जादा तास बंद.

तशीच प्राचार्यांच्या खोलीत शिरले. कुलथे सरांनी मानही वर केली नाही. "सगळ्यांच्या सोयीनं केलंय, पगारे बाई. कारण तुम्हाला ठाऊकच आहे." कारण मला ठाऊक आहे म्हणे! काय ठाऊक आहे? वर्गात ओव्या म्हणते हे? की कोणत्या वस्तीतून येते हे? अंगाचा असा भडका उडाला की दुसरा प्रश्न न विचारता बाहेर आले. तिथे उभी राहिले असते तर रडले असते, आणि त्यांच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र रडले. ह्यांनी पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बोरस्ते बाईंना मी बघितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत. कुलथे सरांच्या घरात."

झालं! आणखी काय हवं?

८ डिसेंबर

यशोदाला स्टाफरूममध्येच धरलं. सगळ्यांसमोर. "सुट्टीत सरांच्या घरी गेली होतीस की नाही?"

"गेले होते."

"माझ्या बारावीचं बोलणं झालं की नाही?"

ती पांढरी पडली. "मालन, मी मागितली नव्हती. एवढंच सांगते. बाकी मला काही विचारू नकोस."

"का विचारू नको?"

"नको म्हणतेय ना मी!"

बघा! चोर कधी याहून स्पष्ट बोलतो का? इतकी वर्षं माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली या बाईने. बेबीच्या बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आणि मी मूर्ख, माझ्या सगळ्या चाली हिला गाऊन दाखवल्या!

९ डिसेंबर

डबा एकटीने खाल्ला.

१८ डिसेंबर, शनिवार

लंका घरी आली होती. ओट्यावरच उभी राहिली, आत येईना. बोरस्ते बाई चांगलं शिकवतात म्हणाली, पण उत्तरं फळ्यावर लिहून देतात. ती पाठ करायची. "बाई, मी कोंबडीवाला निबंध पुन्यांदा लिहू की गाइडातला?"

काय सांगणार होते? माझ्या हातात आता काय आहे? तोंडातून गेलं — बोरस्ते बाई सांगतील तसं कर. मान खाली घालून गेली. तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघताना यशोदाचा असा राग आला, की समोर असती तर झिंज्या उपटल्या असत्या.

हे हल्ली फार जपतात मला. आज स्वतः भाजी निवडली. "बघ, कशी वेळेवर घरी येतेस आता. बेबी पण खूश आहे." बेबी खूश आहे ते खरं. यांच्या आधाराशिवाय मी वेडी झाले असते.

१४ जानेवारी १९८३, शुक्रवार

आमच्याकडे संक्रांत नसते, पण स्टाफरूममध्ये सगळेच तिळगूळ वाटतात. यशोदा माझ्यापुढे हात करून उभी राहिली. काही बोलली नाही. दरवर्षी म्हणते, गोड बोल गं माझे आई, तेवढंच तुला जमत नाही.

मी तिळगूळ घेतला आणि तिच्यादेखत टेबलावर ठेवून निघून आले. बाकीच्या बाया बघत होत्या. बघेनात का! पोटात घातलं असतं तर विष झालं असतं मला.

दारातून एकदा मागे पाहिलं. ती तो उचलून पदराच्या टोकाला बांधत होती.

२० जानेवारी, गुरुवार

सराव परीक्षेत बारावीचा निबंध आला — 'माझा छंद'. शिपायाच्या हातातल्या गठ्ठ्यातला वरचाच पेपर लंकाचा. उभ्या उभ्या वाचला. तिकिटं! कोंबडीवाली पोर पोस्टाची तिकिटं जमवतेय!

बस्स. परवा कुलथे सरांकडे जाणार. यशोदाचं नाव घेऊन सांगणार, हिने कसा डाव साधला ते. बारावी परत द्या नाहीतर राजीनामा घ्या.

ह्यांना सांगितलं तर हातातला पेला खाली ठेवला. "नको. कशाला? आठवी काय वाईट आहे?" मी म्हटलं, वाईट आहे! आठवी वाईट नाही हो, पण माझं काढून घेतलं ते वाईट आहे. तर एकदम आवाज चढवला. लग्नानंतर पहिल्यांदा. "मी नको म्हणतोय ना! सरांकडे जायचं नाही!" बेबी घाबरून आत पळाली. मग स्वतःच ओशाळले. म्हणाले, तुझा अपमान झालेला मला बघवणार नाही.

तेही खरंच. माझ्याइतकाच त्रास त्यांना होतोय. पण मी जाणार.

२२ जानेवारी, शनिवार

कुलथे सरांना सगळं सुनावलं. यशोदाचं नाव घेऊन. ते चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले.

"बोरस्ते बाईंचा काय संबंध, पगारे बाई? तुमचे देवरामभाऊच आले होते माझ्या घरी. दिवाळीच्या सुट्टीत. बारावी काढून घ्या म्हणाले, घराकडे बघणं होत नाही तिच्याकडून. हात जोडले हो त्यांनी! बोरस्ते बाई तपासलेले पेपर द्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोरच झालं सगळं. तुमच्याशी बोलूनच आलोय म्हणाले… बोलले नव्हते का?"

"बोलले होते की," मी म्हटलं.

घरी गेले नाही. यशोदाच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने कडी काढली, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कळलं वाटतं," म्हणाली, आणि मला हाताला धरून आत घेतलं.