तोरीबाबाचं पान

मी, सीताबाई, कै. दौलत तरे यांची पत्नी, वय सत्तर, राहणार नारपोली, भिवंडी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणायला माझा मुलगा दामू येऊन गेला. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

शेलार गावातली भातजमीन मुलगी कमळ हिची. तिच्या बांधावर माझे दीर हिरामण दर पावसाळ्यात थोडे थोडे सरकतात. कमळची जीभ माझ्यावर गेली आहे, त्यामुळे काळजी नाही. पाटा-वरवंटा जाऊबाई आक्का यांना. माझ्या तरुणपणी त्यांनी तो घटकाभरासाठी नेला. तिथेच सुखाने नांदो. नथ सून तुळजाला. ती भांडते, पण तोंडावर भांडते.

राहतं घर आणि मागची चाळ दामूची. चाळ पाडून गोदाम बांधायचं त्याच्या मनात आहे. बांधावं. फक्त रस्त्याकडची पहिली खोली पाडायची नाही. कारण इथे लिहिते, तोंडाने सांगितलं की तो घड्याळ बघतो.

त्या खोलीत रांचीकडचा सिल्वेस्टर राहायचा, लूमवर कामाला होता. भिंतीवर त्याने एका तरुण, देखण्या माणसाचा फोटो लावून कागदी फुलांचा हार घातला. आपल्याकडे हार घातलेला फोटो म्हणजे घरातलं गेलेलं माणूस. मला वाटलं, ह्याचा भाऊ. बिचाऱ्याला इथे कोण जेवू घालणार? सर्वपित्रीला घरच्या पितरांबरोबर त्याचंही पान वाढलं, वडे, खीर, अळूची भाजी, आणि त्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. सिल्वेस्टर ड्युटीवरून आला तो हसतच सुटला.

"मौसी, ये मेरे भाई नहीं. मेक्सिको देशातले पाद्री, तोरिबियो. पाद्री होते म्हणून शिपायांनी गोळ्या घातल्या. आता परमुलखात कामाला जाणाऱ्यांना वाटेत भेटतात, पानी पिलाते हैं, असं लोक मानतात."

"म्हंजे घर सोरलेल्यांचाच हाय ना?" मी म्हटलं. "मंग बरोबर हाय. पानावरशी कुनाला उठवीत न्हाय मी."

तेवढ्यात कावळ्याने वडा उचललासुद्धा. आमचे कैलासवासी सासरे मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत रुसून बसले होते, त्यांच्या पानाला कावळा शिवेना.

पुढच्या वर्षीपासून सगळी चाळच आपापल्या गावाकडची गेलेली माणसं आठवून त्या खिडकीत पानं मांडू लागली. आझमगढचा मुख्तार पितर मानत नाही, पण खिरीचं दूध तोच आणतो. सिल्वेस्टर सुरतेला गेला तेव्हा तोरीबाबाचा फोटो मागे ठेवून गेला. तेव्हापासून गावाहून नवा आलेला कोणीही, जागा मिळेपर्यंत, त्याच खोलीत उतरतो. आल्या आल्या त्याला जेवण मिळतं, हा माझा नियम.

माझं माहेर कोन, इथून जवळचंच गाव. कोन ते नारपोली म्हणजे काही मेक्सिको नव्हे. पण लग्न होऊन आले त्या दिवशी ह्या घरात मला कोणीही "जेवलीस का?" विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

दामू, तू माझा लाडका. कोर्टकचेरीला तू भीत नाहीस, म्हणून कायद्याची अट घालत नाही. मी गेल्यावर माझं पान घरात वाढू नकोस, त्या खिडकीत वाढ. मी तिथेच जेवायला येणार. खोली पाडलीस, तर दुसरीकडे कुठेही कावळा शिवायचा नाही.

सही: सीताबाई दौलत तरे
आम्हा दोघांसमोर बाईंनी वाचून सही केली.
साक्षीदार: मुख्तार अन्सारी, बाळाराम म्हात्रे
नारपोली, भिवंडी. १२ सप्टेंबर १९९७