आयली ती रायली

॥ श्री ॥

टेमघर, भिवंडी
ता. १८ नोव्हेंबर १९९१

ती. दत्तूमामा यांस,
विद्युल्लताचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. दुकानात दुरुस्तीला टेपरेकॉर्डरची रास पडली आहे. लोक तुमच्या 'पुन्हा खाडीपल्याड'ची कॅसेट इतक्या मोठ्यानं लावतात की स्पीकरचे कागद फाटतात. तुझ्या मामांनी आपला धंदा चालवला, असं शेठ मला रोज ऐकवतात.

तुम्ही खरं मत मागितलं होतं, म्हणून लिहिते. रविवारी आई, मी, चंपा आणि तिचा नवरा दामू असे चौघं सिनेमाला गेलो. काल्हेरच्या गोदामात माल उतरवून दामू ट्रक घेऊनच थेटरवर आला. पडद्यावर संगीत म्हणून एकट्या तुमचं नाव आलं तेव्हा आईनं टाळ्या वाजवल्या आणि मग पदरानं डोळे पुसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली वाद्यमेळ बसवलात, त्याचं चीज झालं असं आम्हाला वाटलं. ते वाटणं पहिल्या गाण्यापर्यंत टिकलं.

मामा, पाच वर्षांपूर्वी 'खाडीपल्याड'ची गाणी ऐकायला याच थेटरात लोक दारापाशी उभे राहत. शेवटी नवरी सासरच्या उंबऱ्याशी येते, पडघ्याच्या राहीबाईंचा लग्नातला धवला चालू असतो आणि शेवटच्या कडव्याच्या आधी तो थांबतो. पडदा काळा होतो. लोक उठत नसत. मी तो सिनेमा सात वेळा पाहिला तो त्या थांबण्यासाठी. या भागात कुठेच काही थांबत नाही. ढोलकी नाही, सनई नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराचं रिदम मशीन. आमच्या मागे मागावरचे कामगार बसले होते, ड्युटी बदलून आलेले. त्यातला एक म्हणाला की भाई, ये तो अपने लूम का आवाज है, यहाँ टिकट लेके काहे को सुनना. अख्खी रांग हसली. आई हसली नाही.

शिट्ट्या एकाच गाण्याला पडल्या, हॉटेलातल्या नाचाच्या. त्यात जुन्या ढंगाचा, पण पोरगेला असा बाईचा आवाज आहे आणि ओळी अशा आहेत:

दामूच्या दारी चंपा आयली,
उंबऱ्यानं वाट दिली, आयली ती रायली.

कॅसेटच्या कव्हरवर त्या गायिकेचं नाव नाही. ती कोण, ते कळवावं. चंपा ते गाणं संपायच्या आधीच उठून बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसली. तिच्या लग्नाची जी टेप मी गणपतीत तुम्हाला ऐकायला दिली होती, तीही परत पाठवावी. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

मामींना नमस्कार. आहे तो लोभ राहू द्यावा.

आपली,
विद्युल्लता


॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
ता. २६ नोव्हेंबर १९९१

चि. विद्युल्लता हिस,
दत्तूमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गाणं ऐकताना तू कानात पेचकस घालून बसतेस, हे ताईला मी तू डिप्लोमाला गेलीस तेव्हाच सांगितलं होतं. सगळ्या थेटरानं शिट्ट्या मारल्या आणि माझ्या एकुलत्या एका भाचीनं नाक मुरडलं. असो. निर्माता खूश आहे. कॅसेट पुण्यापर्यंत संपली. पब्लिकला आता सनई म्हणजे लग्नातली जेवणाची पंगत आठवते, ठेका हवा असतो.

तो आवाज आमच्या कोरसमधल्या एका बाईंचा. नाव कव्हरवर राहून गेलं, छपाईवाल्यांचा गोंधळ. चंपा आणि दामू ही नावं घरोघरी असतात. हिरॉइनचं नावही चंपाच ठेवलं आहे, तू बहुतेक त्या वेळी स्पीकर मोजत असशील. टेप पेटीखाली कुठेतरी आहे. सापडली की पाठवतो.

पडघ्याच्या मास्तरांचं स्थळ ठरत आल्याचं ताईनं लिहिलं. मास्तर गातात का? गात नसले तरी चालेल, ऐकून घेणारे असले म्हणजे झालं. मे महिन्यात तारीख धरा. तुला बोहल्यावर आणायला मी नवा कोट शिवून घेतो.

ताईला नमस्कार सांग. मामाला सांभाळून घे.

तुझा,
दत्तूमामा


॥ श्री ॥

टेमघर, भिवंडी
ता. २ डिसेंबर १९९१

ती. दत्तूमामा यांस,
सा. न. वि. वि.

कोरसमधल्या बाईंची गोष्ट सांगायची गरज नाही. मी काय केलं ते लिहिते.

कॅसेट दुकानातल्या डेकवर लावली. मोटरच्या मागे भोक असतं, त्यातून वेगाचा स्क्रू फिरवता येतो. वेग हळूहळू उतरवला. रिदम मशीन बसकं झालं, आणि तो पोरगेला आवाज खाली येता येता राहीबाईंचा झाला. 'रायली'वर त्या श्वास घेतात तोसुद्धा. तुम्ही त्यांचा आवाज पळवून ठेक्यात बसवलात.

त्या गाण्यात दर कडव्याला 'ठण्ण' असा आवाज येतो आणि त्याच्यावर पोरं टाळी देतात. तो चंपाच्या सासरच्या मापाचा आहे. तिनं उंबऱ्यावर तांदळाचं माप पायानं लवंडलं, ते घरंगळून पायरीवर दोनदा आपटलं. तेव्हा सगळे हसले होते. माझ्या हातात माइक होता, तो आवाज मी विसरणार नाही.

राहीबाईंचा नेम तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. त्यांच्या सासूपासून आलेला आहे. शेवटचं कडवं फक्त नवऱ्याच्या दारात, नवरा-नवरीची नावं घालून म्हणायचं. ते म्हटलं की लग्न लागलं. रिकामं म्हणायचं नाही. पहिल्या सिनेमाच्या वेळी तुम्हीच त्यांना एसटीनं स्टुडिओत नेलंत, त्यांनी ते कडवं म्हणायला नकार दिला, म्हणून गाणं तिथे थांबलं आणि त्या थांबण्याची लोकांनी पूजा केली. चंपा त्यांची नात, म्हणून तिच्या लग्नात त्यांनी मला मशीन लावू दिलं. टेप घराबाहेर जाणार नाही, या बोलीवर. मामा म्हणजे घर, असं मी धरलं.

चंपा पडघ्याला अंगणवाडीत जाते. स्टँडवर उतरली की ट्रकवरचे क्लीनर 'चंपा आयली' म्हणतात. परवा अंगणवाडीतल्या पोरांनी तिला तेच गाणं नाचून दाखवलं, बाईंना आवडेल म्हणून. दामूला गोदामात हमाल विचारतात की आयली का रे? त्यानं एकाची कॉलर धरली. आता तो घरी आला की रेडिओ लावू देत नाही.

ते गाणं सिनेमातून आणि कॅसेटमधून काढावं. टेप परत करावी.

कळावे.
विद्युल्लता


॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
ता. १७ डिसेंबर १९९१

चि. विद्युल्लता हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामीला वाचून दाखवलं नाही.

आवाज राहीबाईंचा आहे. हिरॉइनचं नावही मागाहून चंपा ठेवलं, ओळींना जुळावं म्हणून. आता ऐकून घे. निर्मात्यानं रेकॉर्डिंगच्या पंधरा दिवस आधी सांगितलं की पहिल्या सिनेमातलं गाणं या भागात पूर्ण झालंच पाहिजे, पब्लिक त्यासाठी येणार. मी नवं कडवं लिहून घेतलं. सहा गायिका बोलावल्या, नावाजलेल्या. एकीलाही 'रायली' म्हणता येईना. सगळ्या सुरात होत्या, पण कुणाचीच नवरी घरात शिरेना. शेवटच्या दिवशी मी तुझी टेप लावली आणि रेकॉर्डिस्टनं ती पुन्हा लावायला सांगितली. मी काय करायला हवं होतं? पन्नासाव्या वर्षी माणसाला एकदा स्वतःचं नाव मिळतं.

आणि खरं सांग, लोकगीत कोणाच्या मालकीचं असतं का? आज सगळा महाराष्ट्र राहीबाईंचा आवाज ऐकतो आहे. दर सीझनला दोन-चार गावांत ऐकला जायचा.

गाणं काढता येणार नाही. निर्मात्याला विचारलं, तो हसला. चंपाला म्हणावं, लोक चार महिने म्हणतील आणि विसरतील.

रागावू नकोस.

तुझा,
दत्तूमामा


॥ श्री ॥

टेमघर, भिवंडी
ता. १० फेब्रुवारी १९९२

ती. दत्तूमामा यांस,
नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी जे झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

पडघ्याच्या पलीकडे काळूराम म्हणून एकाच्या मुलाचं लग्न होतं. राहीबाई धवला म्हणायला होत्या, मी आणि आई गेलो होतो. सगळं नीट झालं. नवरी सासरच्या दारात आली, माप ठेवलं, राहीबाईंनी शेवटचं कडवं घेतलं. दोन शब्द झाले आणि मागच्या पोरांनी तोंडानं तुमचं मशीन वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी ताट बडवून 'ठण्ण' केलं. त्यांना वाईट करायचं नव्हतं, मामा. त्यांना ती साथ वाटली.

राहीबाई थांबल्या. पहिल्या सिनेमात थांबल्या होत्या तशा, पण इथे पडदा काळा होत नाही. ती पोरगी पाय उचलून तशीच उभी राहिली. सासू विनवत होती, नवऱ्याचा बाप हात जोडत होता. राहीबाईंनी नवरीच्या गालावरून हात फिरवला आणि शेताच्या बांधानं घरी निघून गेल्या. शेवटी कुणीतरी तुमची कॅसेट लावली आणि त्या गाण्यावर नवरी घरात घेतली. चंपाच्या नावानं.

तेव्हापासून राहीबाई म्हणत नाहीत. तीन लग्नांना नाही म्हणाल्या. आईचं लग्न त्यांनी लावलं, तुमचं त्यांनी लावलं. माझं मे महिन्यात आहे.

सगळ्या महाराष्ट्रानं आवाज ऐकला असं तुम्ही लिहिलंत. आता तो पडघ्यात ऐकू येत नाही.

राहीबाई माझ्या लग्नात म्हणणार नसतील तर मला बोहल्यावर आणायला तुम्ही नको. तो मान मी दामूला देईन. आईला हे सांगितलं आहे. ती माझ्याशी बोलत नाही.

विद्युल्लता


॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
ता. ९ मार्च १९९२

चि. विद्युल्लता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला न कळवता काल पडघ्याला जाऊन आलो. भिवंडीत उतरलो नाही, तोंड नव्हतं.

राहीबाई अंगणात वाल सोलत होत्या. मला वाटलं हाकलतील. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. मी पायावर डोकं ठेवलं, काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते गाणं वाजव म्हणाल्या. त्यांनी ते अजून नीट ऐकलंच नव्हतं, लोकांच्या तोंडून तेवढं कानावर आलं होतं. शेजारून टेपरेकॉर्डर आणला आणि लावलं. विद्या, मी ते गाणं स्टुडिओत शंभरदा ऐकलं असेल. त्या अंगणात ते संपता संपेना.

संपल्यावर त्यांनी विचारलं की सिनेमात ही पोर कुणाच्या दारी आली आहे? मी सांगितलं की कुणाच्या नाही, हॉटेलात नाचते आहे, लग्न नाही. त्यांनी सोललेले वाल सुपात ओतले. मग म्हणाल्या, "आयली आयली म्हंतंस, मंग हिला घरान कोनी घेतली?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना त्या नाचणाऱ्या पोरीची काळजी वाटत होती.

तुझ्या लग्नाचं मी विचारलं. विद्याला पाठव, तिला सांगेन, एवढंच म्हणाल्या. चंपा आजीकडे आली होती, टेप तिच्या हातात दिली. तिनं घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या भागाची बोलणी चालू आहेत. मी नाही म्हटलेलं नाही. तुला खोटं एकदा लिहिलं, पुन्हा लिहीत नाही.

कोट शिवून ठेवला आहे.

तुझा,
दत्तूमामा


॥ श्री ॥

टेमघर, भिवंडी
ता. २० एप्रिल १९९२

ती. दत्तूमामा यांस,
विद्युल्लताचा नमस्कार.

लग्न १४ मे रोजी सकाळी आमच्या दारात आहे. वरात संध्याकाळी पडघ्याला पोचेल.

राहीबाईंकडे गेले होते. जुनं कडवं त्या पुन्हा म्हणणार नाहीत. त्याला बाजार लागला, असं म्हणाल्या. नवं बांधलं आहे. ते कसं आहे हे मलाही सांगितलं नाही, दारात ऐकशील म्हणाल्या. टेपचं मशीन आणायचं नाही असं त्यांनी सांगितलं नाही. मीच आणणार नाही.

चंपानं टेपची फीत उपसून काढली आणि भेंडीच्या वाफ्यावर एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत ताणून बांधली. वाऱ्यानं ती घुमते, पोपट येत नाहीत. मी विचारलं की ठेवावीशी वाटली नाही का? ती म्हणाली की लग्न टिकून आहे की माझं, टेप कशाला. दामू आता रेडिओ लावतो. ते गाणं लागलं की बंद करतो.

राहीबाईंनी तुमच्याबद्दल निवाडा केला, तो कळवते. मामाचा मान भाचीनं काढून घ्यायचा नसतो, त्या म्हणाल्या. म्हणून मला बोहल्यावर तुम्हीच आणायचं, आणि अंतरपाट धरला की माझ्या मागे तुम्हीच उभं राहायचं. पण वरातीबरोबर पडघ्याला यायचं नाही. माझ्या सासरच्या उंबऱ्याशी जे म्हटलं जाईल ते तुमच्या कानांवर पडता कामा नये. तिथे माझ्या मागे दामू असेल. जेवून दुपारच्या गाडीनं परत जावं.

हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. राग माझा आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही. आई तुमच्यासाठी पुरणपोळ्या करणार आहे, तिला काही बोलू नये.

कोट घालून या. मामींनाही आणा.

यायचं आहे. राहायचं नाही.

तुमची भाची,
विद्युल्लता