न मारलेली टिचकी

प्रिय ठमे,

एका टिचकीची खरी किंमत सांगतो: तुझ्या मामाच्या उजव्या तळहाताची कातडी, दवाखान्यातल्या रात्री आणि तुझ्या आईचं माझ्याशी बोलणं. मामा वाचलाय. उशीला टेकून चहा पितोय आणि नर्सला चहा कसा करायचा ते शिकवतोय, तेव्हा आधी श्वास सोड, मग पुढचं वाच.

आपली रीत तुला माहीत आहे. मीटर माझ्याकडे, पकड मामाकडे. काट्याकडे बघून मी 'गेली' म्हटलं, की लाइन बंद समजून तो हात घालतो. इतक्या वर्षांत त्याने दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. सोमवारी बेकरीच्या विजेच्या पॅनेलवर हेच केलं. मेन स्विच पाडला होता. शेजारच्या दुकानातून आणखी एक लाइन आत येते, हे कोणी सांगितलं नव्हतं. पण मीटर असतो तो त्याचसाठी. आपला जुना काट्याचा मीटर मी आदल्याच दिवशी ब्रशने साफ केला होता. तारा लावल्या. काटा शून्यावर. मी म्हणालो, गेली.

मामा उडाला तो पिठाच्या पोत्यांवर. त्या हादऱ्याने मीटरचं स्टूल हललं, आणि ठमे, काटा सावकाश उठला, झोपेतून उठावा तसा, आणि दोनशे तीसवर जाऊन उभा राहिला. मामाकडे धावायचं सोडून मी त्या काट्याकडेच बघत राहिलो. डोळे मिटले तरी तो दिसतो.

नंतर मीटर उघडला. ब्रशचा एक केस काट्याच्या बुडाशी अडकलेला. वीज काट्याला ढकलत होती, केस धरून ठेवत होता. काचेवर एक टिचकी मारली असती तर सुटला असता. तू कानीकपाळी ओरडायचीस, बाबा, आधी चालू सॉकेटवर काटा हलवून बघा, टिचकी मारा. मी हसायचो. म्हणायचो, काटा खोटं बोलेल, पण चालू पॅनेल गुणगुणतं, आणि ती गुणगुण मला भिंतीपलीकडूनही ऐकू येते. सगळ्या बाजारात ही फुशारकी मिरवली.

काल मामा हळूच म्हणाला, दाजी, पॅनेल गुणगुणत होतं हो. पण तुम्ही 'गेली' म्हणालात, म्हटलं शेजारचं काहीतरी असेल. तुझ्या आईने अबोला मोडला तो फक्त त्याचं हे बोलणं मला मोठ्याने परत सांगायला.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. गेले कित्येक महिने तुझ्या बोलण्यावर मी 'बरं, बरं' करत आलोय. अपघाताच्या आदल्या दिवशी तू बराच वेळ बोललीस, मी 'छान, छान' म्हणालो, आणि तू फोन ठेवून दिलास. तेव्हापासून तुझा फोन नाही. काय सांगत होतीस, पोरी? लिहून कळव, सगळं. आज माझी तपासणी झाली. डावा कान अर्धा उरलाय. उजव्याने मला काहीच ऐकू येत नाही.

तुझाच,
बाबा